घुबडाचे श्वास

मी मांजर आहे. लहान मुलांसाठी ते रहस्याचं कार्टून लागतं ना, त्यातली जाडी, चष्मेवाली, बारा महिने सर्दी झालेली फौजदारीण मांजर, तिचा आवाज माझा. माझा चेहरा कुणाला ठाऊक नाही हे एका परीनं बरंच आहे. दुकानात घासाघीस करताना लाज वाटत नाही. कधीतरी मी कुणावर आवाज चढवते आणि शेजारचं एखादं पोर आईच्या मागून डोळे मोठे करून बघायला लागतं. एवढीच काय ती आमची कीर्ती.

पण मी सांगायला बसलेय ते भोंग्याबद्दल. भोंगा म्हणजे आमचा साळूमामा, मालिकेचा नायक. म्हातारं साळिंदर, हातात भिंग, पाठीवर काटे. प्रत्येक भागाच्या शेवटी सगळे संशयित एका खोलीत जमतात, साळूमामा नाक फुरफुरवतो आणि म्हणतो, "थांबा. इथं कुणीतरी खोटं बोलतंय." मग पाठीवरचा एक काटा ज्याच्याकडे वळतो तो चोर. हे वाक्य पोरं शाळेत मास्तरांना ऐकवतात आणि मार खातात. मोठेही काही कमी नाहीत. मालिकेचे चाहते स्वतःला 'काटे' म्हणवतात आणि एकेका भागाचा इंटरनेटवर असा कीस पाडतात की कोर्टातसुद्धा पडत नसेल.

तरुणपणी हा माणूस बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचा. एकदा माइक बंद पडला तर पठ्ठ्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढून तसंच ओरडायला सुरुवात केली, आणि पार टोकाच्या फलाटावरच्या माणसांनीही आपापल्या गाड्या पकडल्या. तेव्हापासून नाव पडलं भोंगा. त्याची बायको सोडली तर त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे, आणि तीही "अहो"च म्हणायची.

आमचा स्टुडिओ चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यावर काळं कापड. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही आतल्या आत शिजतो. काचेपलीकडे बसतो आमचा रेकॉर्डिस्ट. त्याला आम्ही कानसेन म्हणतो, कारण तो गात नाही, बोलत नाही, फक्त ऐकतो. माझ्या पोटात गुडगुडलं तर काचेमागून खूण करतो, जा, खाऊन ये. आणि हा माणूस काही म्हणजे काही फेकत नाही. आमचे कापलेले खोकले, शिंका, शिव्या, सगळं त्याच्याकडे जपून ठेवलेलं. आम्ही त्याला भंगारवाला म्हणून चिडवायचो.

आता आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. अधूनमधून मालिकेत कुणी मोठा पाहुणा येतो. गायक, खेळाडू, सिनेमातली मंडळी. त्यांना चित्राच्या ओठांकडे बघत बोलायची सवय नसते. म्हणून आमच्यापैकी कुणीतरी त्यांची सगळी वाक्यं आधी बोलून ठेवतो, आणि पाहुणा ती हेडफोनवर ऐकत ऐकत तशीच बोलतो. याला आम्ही गाइड म्हणतो. शिवणकामात आधी कच्चा टाका घालतात आणि पक्की शिलाई झाली की ओढून काढतात, तसं हे. गाइड एका दमात उरकायचं. चुकलं तरी थांबायचं नाही, खोकला आला तरी थांबायचं नाही, पाणी प्यायलाही थांबायचं नाही, कारण ते पुसायचंच असतं. आमच्याकडची सगळी गाइडं भोंगा करायचा. गाइडमध्ये तो पैलवान झालाय, लाडावलेली राजकन्या झालाय, एकदा तर एका गायिकेसाठी त्यानं अंगाईसुद्धा म्हटलीय. ती गायिका हेडफोन काढून पाच मिनिटं हसत बसली होती.

गेल्या वर्षी कानसेननं त्याला जिन्यात गाठलं. मी खाली चपला शोधत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"भोंग्या, तुझी शिट्टी वाजतेय."

"अरे, दात पडलाय मागचा."

"दाताची शिट्टी श्वास सोडताना वाजते. ही घेताना वाजतेय. डॉक्टरकडे जा."

"बघू."

"बघू नाही. उद्या जा. नाहीतर मी वहिनींना सांगतो."

वहिनींच्या धाकानं तो गेला. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र अख्खं काढावं लागेल, गळ्याला भोक पाडून तिथून श्वास घ्यावा लागेल, आवाज राहणार नाही. भोंग्यानं विचारलं, हंगामाचं काम उरकून आलो तर चालेल का? बाई म्हणाल्या, जितक्या लवकर याल तितकं बरं. यानं सोयीस्कर अर्थ काढला, काम लवकर उरकून या.

ही गोष्ट आम्हां तिघांनाच माहीत होती. वहिनी, कानसेन आणि मी. मालकांच्या कानावर जाऊ द्यायची नव्हती. का, ते सांगते. आमच्याकडे हत्तिणीचा आवाज करणारी बाई बाळंतपणाला गेली होती. ती बाळ घेऊन पेढे द्यायला आली तेव्हा हत्तीण दुसऱ्याच बाईच्या तोंडून बोलत होती. मालक माणूस म्हणून गोड आहेत, पण त्यांच्याकडे रिकामी खुर्ची फार वेळ रिकामी राहत नाही. भोंग्याला शेवटचा हंगाम स्वतःच्या तोंडानं संपवायचा होता. म्हणून कानसेन रोज काम संपल्यावर बसायचा आणि भोंग्याच्या प्रत्येक वाक्यातला श्वास कापून काढायचा, गाइडमधलासुद्धा. शिट्टीच ऐकू आली नाही तर मालकांना कळणार कसं? हे किचकट काम आहे, तांदळातले खडे निवडण्यासारखं. त्यानं ते डोळ्यांत तेल घालून केलं. प्रेमानं केलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

त्याच हंगामात पाहुण्याचा भाग आला. पाहुणा कोण, तर सिनेमाचा हिरो. सगळ्या भिंतींवर ज्याचे दात दिसतात तो. भागाची गोष्ट अशी की गावाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे चोरीला जातात आणि संशय येतो घड्याळाला किल्ली देणाऱ्या म्हाताऱ्या घुबडावर. घुबड म्हणजे हिरो. शेवटी घुबडाचं एक लांबलचक बोलणं होतं. गाइड अर्थातच भोंग्याकडे. मी समोरच्या माइकवर होते. माझं पहिलं वाक्य होतं, "काटे कुणी काढले, आजोबा?"

भोंग्यानं हिरोची नक्कल केली नाही. नेहमी थोडी करायचा, पाहुण्याला सोपं जावं म्हणून. त्या दिवशी त्यानं आपला आहे तो आवाज लावला, फाटलेला, घासलेला, आतून खरवडून आणल्यासारखा.

"मीच. मीच काढले. रोज सगळं गाव मान वर करून घड्याळ बघतं, पण खाली किल्ली द्यायला कोण उभं आहे हे कुणी बघत नाही. म्हटलं, एक दिवस घड्याळच आंधळं करावं, मग तरी कुणी विचारेल, अरे, ते म्हातारं कुठं गेलं?"

पुढचं वाक्य पुन्हा माझं होतं. ते म्हणायचं सोडून मी आ वासून त्याच्याकडे बघत राहिले. गाइड असल्यामुळे चाललं. काचेपलीकडे कानसेन मान खाली घालून बसला होता. मला वाटलं बटणं बघतोय, तर तो डोळे पुसत होता. भोंग्यानं हेडफोन काढले, घाम पुसला आणि म्हणाला, "मांजरे, तोंड मिट, माशी जाईल."

हिरो आला तो दोन माणसांसह. एकाच्या हातात त्याचा फोन, दुसऱ्याच्या हातात त्याची कॉफी. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? त्यानं गाइड ऐकलं, हेडफोन काढले आणि विचारलं, "हे कोण बोललंय?"

"आमच्या घरचाच माणूस आहे," मालक म्हणाले.

"मग मी कशाला हवाय?" हिरो हसला. मालक त्याच्याहून मोठ्यानं हसले. मग त्यानं थोडी वाक्यं केली. लिफ्टमधली सूचना वाचावी तशी केली. बाकीचं पुढच्या आठवड्यात म्हणाला आणि शूटिंगसाठी परदेशी निघून गेला, तो गेलाच.

त्याच सुमारास हंगामाचं काम उरकलं आणि भोंग्याचं ऑपरेशन झालं. आता मालकांना सगळं कळलं. ते फळांची टोपली घेऊन हॉस्पिटलमध्ये आले. खाटेच्या कडेला बसून गोड आवाजात म्हणाले, प्रक्षेपणाची तारीख अंगावर आलीय, हिरो काही येत नाही, तर घुबडाला गाइडचाच आवाज ठेवू म्हणतो. नाव हिरोचंच द्यावं लागेल, तसा करारच आहे. चालेल ना? भोंग्याच्या नाकात नळी, गळ्यात नळी. त्यानं हात वर केला. मालकांनी तोच हात धरला, दाबला, म्हणाले, मला माहीत होतं तू अडवणार नाहीस, आणि गेले. वहिनी तिथंच उभ्या होत्या. भोंगा हात वर करून उशाशी ठेवलेली पाटी मागत होता. त्याला लिहायचं होतं. काय लिहायचं होतं ते नंतर त्यालाही नीट आठवलं नाही, औषधांची गुंगी होती.

तो भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही भोंग्याच्या घरी जमलो. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून सतत गरम कपड्यांचा वास येतो. टीव्हीवर घुबड बोलायला लागलं तसा भोंगा पुढं सरकून बसला. स्वतःचा आवाज परक्याच्या नावानं ऐकत होता, आणि तोच आवाज त्याच्या गळ्यात आता नव्हता. मी टीव्ही सोडून त्याच्याकडेच बघत होते. त्याचं मात्र सगळं लक्ष घुबडाच्या ओठांकडे. आवाज ओठांवर बरोबर बसलाय की नाही, हेच तो बघत होता. मेला जात्याच तसा.

मग वहिनींनी चष्मा लावला आणि फोनवरच्या कमेंट वाचायला घेतल्या. काट्यांना नुसता ऊत आला होता.

"'हिरो, तुम्ही आज मला रडवलंत. मी दोन मुलांचा बाप आहे, दाढीमिशा आहेत मला,' असं लिहिलंय एकानं. 'ह्याला म्हणतात आवाज.' 'घुबडाला परत आणा.' 'आमच्या आजोबांची आठवण आली, त्यांना फोन केला.' ही बघा, 'असा आवाज काढायला आयुष्य जगावं लागतं.'"

भोंगा लहान मुलासारखा ऐकत होता. वहिनी पुढं वाचायच्या थांबल्या. त्यानं हातानं खूण केली, वाच.

"काही नाही हो, असंच कुणीतरी."

त्यानं फोन ओढून घेतला आणि मला दाखवला. लिहिलं होतं, 'साळूमामाचा आवाज किती थकलाय. करणाऱ्यानं आता घरी बसावं, नाहीतर हिरोकडून चार धडे तरी घ्यावेत.' आणि त्याच्या खाली शेकड्यांनी अंगठे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच माणसाचा गळा, एकाच आठवड्यात केलेलं काम, आणि हे स्वतःला गुप्तहेर समजणारे दिवटे! भोंगा मात्र हसायला लागला. त्याचं हसू म्हणजे आता खांदे हलायचे आणि गळ्याच्या भोकातून हवा फसफसायची. वहिनींनी रुमालानं गळा पुसला. त्यानं पाटीवर लिहिलं, 'माझ्याकडूनच धडे घेतो.' आणि त्याखाली, 'रडवलं ते पुन्हा वाच.'

कितीतरी दिवस तो ते पुन्हा पुन्हा वाचून घेत होता. नवीन काही आलं की वहिनी गॅस बारीक करून आधी ते वाचायच्या. तो जेवू लागला, दाढी करू लागला. मला वाटलं, माणूस यातून उठतोय. मग तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बाजूला घेतलं. गाठ फुप्फुसात पोचली होती.

त्या दिवशी मी गेले तर पाटी माझ्यासाठी लिहूनच ठेवली होती. 'घुबड मी होतो, हे एकदा त्या लोकांना कळू दे. मग जातो.'

"जातो काय जातो!" वहिनी ओरडल्या. "कुठं जाताय? काहीतरी वेडंवाकडं लिहायचं!" आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसल्या.

मी तडक मालकांकडे गेले. म्हटलं, पैसा नको, करार नको, नुसतं एक वाक्य बोला. हा आवाज भोंग्याचा. एवढं. मालक खरोखर हेलावले. "अगं, काट्यांचा मेळावा आहे ना पुढच्या महिन्यात! स्टेजवरून सांगतो. सगळ्यांसमोर. त्याला पहिल्या रांगेत आणा." डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं त्यांच्या. मला ते पाणी खरं वाटलं आणि आजही वाटतं. मालकांचं तसंच आहे. जेव्हा जे बोलतात तेव्हा ते त्यांना मनापासून वाटत असतं.

वहिनींनी त्याचा कोट खाली इस्त्रीला दिला. गळ्याला गुंडाळायला निळा मफलर आणला. भोंग्यानं मला पाटीवर विचारलं, 'उभं राहून नमस्कार करू की बसूनच?' मी म्हटलं, बसूनच कर, जास्त भाव खाऊ नकोस.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी एका काट्यानं लांबच लांब लेख टाकला. स्वतःला तो 'भिंग' म्हणवतो. लेखाची सुरुवातच अशी होती, 'थांबा. इथं कुणीतरी खोटं बोलतंय.' भोंग्याचंच वाक्य! भिंगानं घुबडाचं ते लांबलचक बोलणं मशीनवर तपासलं होतं. हिरोच्या सिनेमांशी ताडून पाहिलं होतं. हा आवाज हिरोचा नाही, हे त्यानं अगदी बरोबर ओळखलं. मी वाचता वाचता उठून उभी राहिले. वाटलं, आता हा पोरगा भोंग्याचं नाव घेणार. पुढं लिहिलं होतं, 'एवढं मोठं वाक्य, आणि त्यात एकही श्वास नाही. एकही नाही. जिवंत माणूस असं बोलूच शकत नाही. हा आवाज मशीननं बनवलेला आहे. आपल्याला फसवलं गेलंय.'

कानसेनला मी फोन केला. तो फक्त "हं" म्हणाला. नंतर म्हणाला, "मी कापले गं ते. मीच कापले."

संध्याकाळपर्यंत काटे पेटून उठले. हिरोच्या माणसांचा मालकांना फोन आला. दुसऱ्याच माणसाचा आवाज हिरोच्या नावावर खपवला असं उघड झालं तर हिरोची फसवणूक, चॅनेलची फसवणूक. पण हिरोच्याच आवाजावरून मशीननं बनवला म्हटलं, तर तो हिरोचाच राहतो की! मग त्याला नवा प्रयोग म्हणता येतं. हे मला मागाहून कळलं. मेळाव्याच्या सकाळी आम्ही भोंग्याला टॅक्सीत घालून हॉलवर नेलं तेव्हा आम्हांला यातलं काही माहीत नव्हतं.

हॉल खचाखच भरला होता. पोरांच्या पाठीवर पुठ्ठ्याचे काटे. मागच्या बाजूला मोठी मंडळी हातात फलक घेऊन, 'मशीन नको'. हिरो अर्थातच आला नव्हता. पडद्यावरून हात हलवून गेला. मालक माइकपाशी आले आणि दंगा सुरू झाला.

"शांत व्हा, शांत व्हा. तुमच्यापासून काय लपवायचं?" मालक म्हणाले. "तुम्ही साळूमामाचे काटे, तुम्ही पकडणारच! हो. घुबडाचा आवाज आम्ही मशीनवर तयार केला. हिरोंच्या आवाजावरून, त्यांच्या परवानगीनं. आमचा तो एक नवा प्रयोग होता."

मला आधी कळलंच नाही. वहिनींनी माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. भोंगा उभा राहिला. तोंड उघडलं. एवढ्या वर्षांची सवय, भाबडा जीव, विसरला असेल. मफलरखालून नुसती हवा गेली. मग त्यानं हात वर केला आणि तसाच वर धरून उभा राहिला.

मालकांनी बघितलं. डोळ्याला डोळा भिडला, हे मी शपथेवर सांगेन. आणि मालक माइकमध्ये म्हणाले, "बघा, बघा, कोण आलंय! आपले लाडके साळूमामा! घसा बसलाय त्यांचा, पण त्यांनीसुद्धा हात वर केलाय. त्यांचा पाठिंबा आहे!"

टाळ्या पडल्या. मी खुर्चीवर चढले. अंगाचा तिळपापड झाला होता, ओरडले, "खोटं आहे! तो आवाज ह्याचा आहे! ह्या माणसाचा आहे!" पण रागानं माझा आवाज चढतो तेव्हा तो मांजराचाच होतो, त्याला मी काय करू? पुढच्या रांगेतली पोरं टुणकन वळली. "मांजर! मांजर!" अख्खा हॉल हसायला लागला. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. एक लहान मुलगी माझ्याकडे सही मागायला आली. तोवर भोंगा बसला होता, हात मांडीवर ठेवून.

यानंतरचं मी थोडक्यात उरकते, कारण मला पुन्हा संताप येतो. त्या रात्रीपासून कमेंट बदलल्या. 'मला पहिल्यापासूनच तो आवाज निर्जीव वाटत होता.' 'माणसाच्या आवाजात जी धुगधुगी असते ती नव्हतीच त्यात.' ज्या दाढीमिशावाल्याला रडू आलं होतं त्यानं लिहिलं, 'मी फसलो होतो. आता ऐकलं तर काहीच वाटत नाही.' काहींनी तर साळूमामाची बाजू घेतली, 'मशीनपेक्षा आपला थकलेला मामा परवडला.' वहिनींनी वाचणं बंद केलं. भोंगा स्वतःच फोन घेऊन वाचत बसायचा.

कानसेन आणि मी गप्प बसलो नाही. त्यानं आपल्या भंगारातून कापलेले श्वास बाहेर काढले. होते सगळे, त्याच क्रमानं. ते परत वाक्यात बसवून घुबडाचं बोलणं आम्ही इंटरनेटवर टाकलं, सोबत लिहिलं की हा माणूस कोण, त्याला काय झालं, श्वास का कापले. मालक काय करायचं ते करोत म्हटलं. दिवसभरात उत्तरं आली. 'श्वासही मशीनच बनवतं हल्ली.' 'शिट्टी जरा जास्तच झाली, नाटकी वाटते.' 'आजारी माणसाच्या नावानं सहानुभूती मिळवताय, लाज वाटत नाही?' भिंगानं स्वतः येऊन शांतपणे समजावलं की हे श्वास नंतर जोडलेले आहेत, जोडाच्या खुणा स्पष्ट दिसतात. खुणा होत्याच. जोडलेच होते ना आम्ही.

भोंग्यानं ते वाचलं आणि फोन उशीखाली सरकवला. मी पाटी त्याच्यापुढं केली. म्हटलं, शिव्या लिही, चार शिव्या लिही, बरं वाटेल. त्यानं पाटी घेतली, बोटानं काठ चाचपले आणि कोरीच परत दिली. त्यानंतर त्यानं वहिनींकडे पाणी, पांघरूण, खिडकी एवढंच मागितलं. घुबडाचं नाव काढलं नाही. पुढच्या महिन्यात तो गेला.

मालकांनी श्रद्धांजली छापली. साळूमामाचा अमर आवाज वगैरे. काट्यांनी मेणबत्त्यांची चित्रं टाकली, त्यात भिंगही होता. घुबडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सगळे नातेवाईक परत गेल्यावर एका दुपारी वहिनींनी कानसेनला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "ते श्वास आहेत ना तुमच्याकडे? नुसते. वाक्यं नकोत. वाक्यं त्या लोकांनाच राहू देत."

कानसेननं ते त्यांच्या फोनवर घातले. टेबलावर फोन ठेवून वहिनी ऐकत बसल्या. खोलीत भोंग्याचा श्वास सुरू झाला. एक, मग थोडं थांबून दुसरा. बारीक शिट्टी. खाली इस्त्रीवाला पाणी शिंपडत होता, तेवढाच काय तो दुसरा आवाज. वहिनींनी डोळे मिटले होते. त्यांना आम्ही तिथं आहोत याचंही भान नसावं. "हा झोपेत कूस बदलताना यायचा तसा," एकदा म्हणाल्या. "हा जिना चढून आल्यावर."

मग एक श्वास आला, इतरांपेक्षा लांब, मध्येच अडकलेला, घशात काहीतरी खरवडून पुढं गेलेला. वहिनींनी डोळे उघडले. बोट फोनवर ठेवून तो थांबवला. परत लावला. परत ऐकला.

"इथं ह्यांना पाणी हवं होतं," त्या म्हणाल्या. "किती कोरड पडलीय, ऐका. कुणी पाणी दिलं नाही का हो?"

मी जमिनीकडे बघायला लागले. कानसेननं घसा साफ केला.

"दिलं होतं, वहिनी," तो म्हणाला. "लगेच दिलं."

"दिलं ना?"

"हो. थांबवूनच दिलं."

वहिनींनी मान हलवली आणि पुढचा श्वास लावला. गाइडला मध्ये थांबवून कुणी पाणी देत नाही.